पटवारीजींचं खळं

पटवारीजींना नमस्कार केला, की ते आधी तुमच्या पाठीमागे बघायचे. मागे कोणी उभं नाही याची खात्री झाली, की मग तुमच्या हातांकडे आणि सगळ्यात शेवटी तोंडाकडे. तोवर नमस्कार करणाऱ्याचे हात अवघडून खाली आलेले असत. मग एक डोळा बारीक करून ते विचारत, "बसा जी. कायले आले?" सहज आलो, असं उत्तर त्यांच्याकडे चालत नसे. सहज येणाऱ्या माणसावर त्यांचा सगळ्यात जास्त संशय. पटवारीजींच्या दारावरून मांजरही आडवं जात नाही, जबानी द्यावी लागते, असं आर्वीत लोक म्हणत.

नागपुरातून डॉक्टरी शिकून मी आर्वीत आलो, बाजारात दवाखाना थाटला आणि राहायला खोली शोधू लागलो. गावाच्या कडेला, सडकेला लागून पटवारीजींचं घर होतं आणि शेजारची खोली रिकामी होती. पण ती कोणाला मिळत नव्हती. मला त्यांनी उन्हात उभं करून बरंच काही विचारलं. माझं गाव, माझ्या मामाचं गाव, वडिलांची शेती किती, बांधावरून कोणाशी भांडण आहे का. शेवटी म्हणाले, "वकिलाले मी खोली देत नाई, त्याले जमिनीचा वास येते. मास्तरले देत नाई, त्याच्याकडे पोरं येतात अन् कुंपनातून वाट पाडतात. डाक्टराचं बरं. दुखनं बरं झालं का मानूस पुन्हा तोंड दाखवत नाई." एवढ्यावर खोली मिळाली.

त्यांचं नाव कोणाच्या तोंडी नव्हतं. पेन्शनीत निघून बरीच वर्षं झाली होती, तरी ते पटवारीजीच. नोकरीभर दुसऱ्यांचे बांध मोजत हिंडलेला हा माणूस आता स्वतःच्या एका तुकड्याभोवती फिरत असे. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. ज्यांच्या वाड्यासमोर आपण खाली मान घालून उभे राहिलो, त्यांची गावंच्या गावं गेलेली त्यांनी पाहिली होती. "थ्याईचं गेलं, तं आपलं काय घेऊन बसले?" असं ते कोणालाही ऐकवत.

तो तुकडा गिरजेसाठी होता. गिरजा त्यांची एकुलती एक मुलगी. सासरी नवऱ्याने दुसरी आणून बसवली, तेव्हा पटवारीजी स्वतः बैलांची दमणी जुंपून गेले आणि तिला माघारी घेऊन आले. तिची आई आधीच गेलेली. आपल्या मागे हिला या जागेशिवाय दुसरा आधार नाही, हे ते लपवत नसत. जागा लांबोडकी होती. समोर सडक, तिथे फाटक, आणि फाटकापासून थेट मागच्या घरापर्यंत मधोमध एक वाट. वाटेच्या एका अंगाला विहीर आणि लिंबाचं झाड, दुसऱ्या अंगाला भाजीचे वाफे. घरामागच्या कुंपणापलीकडे रुईचा व्यापार करणाऱ्या एका शेटजींची पडीक जागा होती. त्यांना तिथे गोदाम बांधायचं होतं, पण गाड्या नाल्याकडून लांब वळसा घालून आणाव्या लागत. पटवारीजींच्या घराच्या कडेने मधल्या वाटेवर त्या आल्या असत्या, तर सरळ सडकेवर निघाल्या असत्या. "अन् माह्या गिरजेच्या हाती काय राह्यलं असतं? इकडे एक चिंधी, तिकडे एक चिंधी," पटवारीजी म्हणत.

अशा ठिकाणी मी फटफटी आणली. लढाईनंतर लष्कराचा जो माल विक्रीला निघाला, त्यातली ती होती. हिरवट, अवजड, चालू झाली की आळीतली कुत्री पळायची. खेड्यांतून बोलावणी येत, आणि बैलगाडीने जाईपर्यंत रोगी बरा तरी व्हायचा किंवा दगावायचा तरी. पटवारीजींनी फटफटीला एक प्रदक्षिणा घातली.

"हे सरकारी हाये."

"होती. आता माझी आहे."

"सरकार असं सोडते का काई? एक दिवस मांगाले येईन. गाडी मांगाले येईन अन् जागा पाहून जाईन."

फटफटीचं दुखणं वेगळंच होतं. आमच्याकडची जमीन काळी. पावसात गुडघाभर चिखल, उन्हाळ्यात भेगा. म्हणून त्या वाटेवर कधीकाळी नदीची बजरी टाकलेली होती. गुळगुळीत, गोल गोटे. पायी चालणाऱ्याला ते ठीक, पण फटफटीचं चाक त्यांच्यावर आलं की गोटे घरंगळायचे, चाक एकीकडे आणि मी दुसरीकडे. उभी करून ठेवावी, तर टेकूची घोडी खाली रुतून फटफटी हळूच आडवी व्हायची. माझी कोपरं कायम सोललेली. बाजारात लोक म्हणत, डॉक्टर रोज स्वतःलाच औषध लावतो, बाकीच्यांना कधी लावणार!

मी एका रविवारी ती वाट मनावर घेतली. विहिरीचं पाणी मारलं, कोणाकडून तरी धुम्मस आणून गोटे ठोकले, वरून पुन्हा पाणी मारलं. संध्याकाळी वाट बरीच दबलेली दिसली. सकाळी पाहतो तर सगळे गोटे मोकळे, नुकत्याच वखरलेल्या वावरासारखे. मी पुन्हा ठोकले. पुन्हा सकाळी मोकळे. आता पटवारीजींचा वारा मलाही लागला. मी आधी डुकरांवर संशय घेतला, मग गवळ्याच्या म्हशीवर, मग शेटजींच्या गड्यांवर. गिरजेला विचारलं, तर ती खाली मान घालून तांदूळ निवडत राहिली. तेव्हा मला तिचाही संशय आला. माझी कोपरं फुटावी असं या घरात कोणाला वाटत असेल, याचा मी दवाखान्यात बसून विचार करायचो आणि समोरचा रोगी तिसऱ्यांदा सांगायचा, की पोट माझं दुखतं.

एक दिवस मी झुंजूमुंजू व्हायच्या आत उठून खिडकीशी बसलो. पटवारीजी दाताळं घेऊन वाटेवर आले. खळ्यात कडबा ओढायला असतं ना, ते लाकडी दातांचं दाताळं. फाटकापासून त्यांनी सुरुवात केली आणि माझ्या चाकांच्या खुणा एकेक करून मोडत ते घराकडे येऊ लागले.

मी बाहेर धावलो. "पटवारीजी! तुम्ही?"

ते मुळीच दचकले नाहीत. "हळू बोला जी. चाकोरी मोडून राह्यलो."

"मी रोज पडतो ते दिसत नाही तुम्हाला?"

"दिसते न. तुमी पडता थे तुमचं कोपर फुटते. चाकोरी पडली तं माही जागा फुटते."

मग दाताळ्यावर हनुवटी टेकून ते बोलले. एरवी प्रश्न विचारणारा हा माणूस स्वतःविषयी बोललेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"माह्या बापाचं वावर होतं. गावातला एक जन आला अन् म्हने, दादा, एवढा पाऊस सरेलोक माही गाडी तुमच्या वावरातून जाऊ द्या. बाप म्हने, जाऊ दे. पाऊस सरला, गाडी सरली नाई. त्याच्यामागून दुसऱ्याची आली. चाकोरी झाली, चाकोरीची वहिवाट झाली, अन् एक दिवस नकाशात दोन रेघा आल्या. वावराचे दोन तुकडे झाले. अन् थ्या रेघा कोनं मारल्या? म्या मारल्या. नवी नोकरी होती. साहेब म्हने, जमिनीवर जे हाये थे कागदावर दाखव. होती थे दाखवली."

"वडील काय म्हणाले?"

"त्या दिवशी जेवले नाई."

पण फटफटीशिवाय माझंही चालणार नव्हतं. सडकेच्या कामावरच्या एका मिस्त्रीला मी विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, गोल गोटे जन्मात बसायचे नाहीत, त्यांच्यात मुरूम मिसळा, पाणी द्या आणि वरून रूळ फिरवा. हे मी पटवारीजींना सांगितलं. मुरूम म्हटल्यावर त्यांचा डोळा बारीक झाला आणि रूळ म्हटल्यावर ते चक्क मागे सरले. "रूळ फिरला का सडक झाली. रूळ काय घरच्या आंगनात फिरते?" मग मी खोली सोडायची गोष्ट काढली. ते दोन दिवस विहिरीभोवती फेऱ्या मारत राहिले.

तिसऱ्या दिवशी स्वतःच माझ्या दाराशी आले. "डाक्टर, खळं करू."

"खळं? फटफटीसाठी?"

"फटफटीचं नाव नाई घेवाचं. खळं म्हंजे खळं. खळ्यातून कोनाले वाट मांगता येत नाई. मांगून तं दाखवा म्हना कोनी! खळ्यावर तूर येईन, लोक पाह्यतीन. मंग त्याच्यावरून तुमी काय नेता न् काय आनता, थे तुमचं तुमी पाहा."

आर्वी तहसिलीत लांबोडकं खळं तेवढं एकच झालं असेल. खळं गोल असतं, मधे मेढ असते, तिच्याभोवती बैल फिरतात. आमच्या खळ्यात मेढ नव्हती. गोटे बाजूला ओढून वरची काळी माती काढली. मुरमाच्या गाड्या आल्या, तेव्हा पटवारीजींनी मूठभर मुरूम हातात घेऊन वास घेतला आणि गाडीवानाला विचारलं, "हा सडकेच्या ढिगातला तं नाई? सरकार उद्या म्हनीन, आमचा मुरूम जिथं, आमची सडक तिथं." गाडीवानाला खाणीची शपथ घ्यावी लागली. गोटे आणि मुरूम कालवून पसरले, मध्ये किंचित उंच आणि कडांना उतार ठेवला, पाणी दिलं. खुरांना चिकटू नये म्हणून वर कुटार, म्हणजे भुसा, भुरभुरलं आणि बैलांच्या दोन जोड्या फाटकापासून घरापर्यंत आणि घरापासून फाटकापर्यंत दिवसभर चालवल्या. बैलही बुचकळ्यात पडले होते. गोल फिरायची सवय, ते सारखे वळायला बघत आणि वाफ्यातली मेथी खात. राहिलेलं काम धुम्मसाने केलं. चांगलं सुकल्यावर गिरजेने सगळ्यावर शेणाचा सडा घालून ते सारवलं. मी फटफटी घोडीवर उभी केली. ती रुतली नाही. पटवारीजींनी काठीने ठोकून पाहिलं, मग टाचेने दाबून पाहिलं. त्यांना ते पटलं असावं, कारण त्यांनी काहीच खोट काढली नाही.

मी खुशीत बूट घालून निघालो, तोच मागून ओरड आली. "वाहाना काढा! खळ्यावर वाहाना?"

खळ्यावर पायताण घालून कोणी जात नाही, हे मला ठाऊक होतं. धान्याची जागा ती, लक्ष्मीची. पण आपण ज्याच्यावर उभे आहोत ते खरोखरच खळं आहे, हे मी विसरलो होतो, आणि पटवारीजी विसरणारे नव्हते. मी म्हटलं, "मग चाकांचं काय?" त्यांनी टायर बोटाने दाबून पाहिला. "हे रबर हाये. चामडं नोय. हे जाईन." बूट मात्र चामड्याचे. तेव्हापासून आर्वीचा डॉक्टर गळ्यात स्टेथास्कोप अडकवावा तसे हँडलला बूट अडकवून अनवाणी फटफटीवर बसायचा आणि सडकेवर आला की बूट चढवायचा. उघड्या पायाने किक मारून पाहा कधी थंडीत, म्हणजे कळेल. ती पहिली किक मारून मी एका पायावर नाचलो, तेव्हा गिरजा पदर तोंडाला लावून हसली. ती त्या घरात हसलेली मी त्याआधी ऐकली नव्हती.

दरवर्षी तूर निघाली की पटवारीजी कुठून तरी पेंढ्या आणत आणि फाटक सताड उघडं ठेवून, सडकेवरून जाणाऱ्या येणाऱ्याला दिसेल असं ती खळ्यावर बडवत. त्या दिवसांत फटफटी दवाखान्यातच मुक्कामाला असे. पावसाळ्यात शेण धुपून जाई, पण खालचा मुरूम जागचा हलत नसे, आणि दसऱ्याच्या आधी गिरजा पुन्हा सारवून काढी. हळूहळू गवळी, पोस्टमन, भाजीवाल्या बाया, सगळेच फाटकाशी वाहाणा काढू लागले. कोणी विसरला, तर पटवारीजी विहिरीमागून उगवत.

मग एके दिवशी शेटजी माझ्या दवाखान्यात आले. नाडी दाखवली, ती चांगली होती. उठता उठता म्हणाले, "डाक्टरसाहेब, तुमचे हाल पाहवत नाई. खडी टाकून, रूळ फिरवून पक्की सडक करून देतो तुमाले. तुमी निस्तं एवढंच म्हना, का मी आलो तवापासून हे वाटच होती." मी नाही म्हटलं. पण खोटं कशाला बोलू, तळपाय डोळ्यांसमोर येऊन क्षणभर घुटमळलो. शेटजी दवाखान्याची पायरी उतरले, तेव्हा समोरच्या पानठेल्याशी पटवारीजी उभे होते. त्या दिवसापासून त्यांच्या घरून येणारा माझा सकाळचा चहा बंद झाला. दाताळं पुन्हा बाहेर आलं. खळ्यावर ओढायला काही नव्हतं, तरी ते हातात धरून ते माझ्या खोलीसमोर बसत.

शेटजींनी तहसिलीत अर्ज केलाच. ही जुनी वहिवाट आहे, पटवाऱ्याने ती अडवली, असं त्यांचं म्हणणं. जागेची पाहणी करायला नायब तहसीलदार आले. सारी आळी गोळा झाली. शेटजींचा साक्षीदार होता आमच्याच आळीतला सुखदेव गाडीवान. त्याने छाती पुढे काढून सांगितलं, की आपण लहानपणापासून याच वाटेनं गाड्या हाकतो. पटवारीजींचा चेहरा मातीसारखा झाला होता. गिरजा दारात उभी होती आणि तिचा हात चौकटीला घट्ट धरलेला मला दिसत होता.

साहेब म्हणाले, "कशी जायची गाडी? चालून दाखव."

सुखदेव तरातरा फाटकाशी आला, वाहाणा काढल्या, काखेत मारल्या आणि खळ्यावरून चालू लागला.

"थांब," साहेब म्हणाले. "वाहाणा कशाला काढल्या?"

"खळं हाये न जी, साहेब," सुखदेव म्हणाला. म्हटल्यावर त्याच्या ध्यानात आलं. मग तो शेटजींकडे पाहू लागला आणि शेटजी नाल्याकडे.

माणसं इतकी हसली, की लिंबावरचे कावळे उडाले. साहेब हसले नाहीत. ते शेतकऱ्याच्या घरातले असावेत. ते बूट घालूनच आत आले होते. ते खाली वाकले, नाड्या सोडल्या, बूट हातात घेतले आणि कडेकडेने सडकेवर गेले. अर्ज फेटाळला.

सगळे पटवारीजींना शाबासकी द्यायला धावले. ते मात्र बाजेवर बसून होते. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "डाक्टर, त्यानं वाहाना काऊन काढल्या असन?"

"सवयीने काढल्या."

"हूं. शेटनंच सांगतलं असन. याच्यात मोठा डाव हाये." तो डाव कोणता, हे शोधण्यात त्यांचे पुढचे कितीतरी दिवस गेले. माझा चहा मात्र दुसऱ्या सकाळपासून सुरू झाला.

पुढच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि तो छातीत उतरला. औषधाची बाटली उघडली, की आधी माझ्या तोंडाकडे बघत. मी एक घोट घेऊन दाखवी, मग ते घेत. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हणाले, "घर सोडून जाऊ? कोनाच्या भरोशावर?" शेवटच्या दिवशी त्यांनी मला खोलीबाहेर जायला सांगितलं आणि गिरजेशी बराच वेळ बोलले. मी ओसरीवर बसून होतो. मला वाटत होतं, ते तिला सांगत असतील, डॉक्टर आहे, घाबरू नको, त्याच्या सल्ल्याने चाल. मलाही तेच हवं होतं. मी मनातल्या मनात तिचा भाऊ होऊन बसलो होतो. शेटजी काय करतील, कागदावर सही मागायला कोण येईल, त्याला काय उत्तर द्यायचं, सारं मी ठरवून ठेवलं होतं.

तेरवी झाली. पाहुणे गेले. गिरजा ओसरीच्या खांबाशी येऊन उभी राहिली.

"डाक्टरभाऊ, खोली खाली करा."

मला वाटलं, लोक बोलतील म्हणून म्हणते आहे. बाईमाणूस एकटं, बरोबरच आहे. तसं मी म्हणालो. तिने मान हलवली.

"लोकायचं नाई. बाबा सांगून गेले. म्हने, वाईट मानसाले सारेच अडवतात. चांगल्याले कोनी अडवत नाई. तुह्या दारातून येऊन जाऊन चांगल्याचाच हक्क तयार होते. म्हने, पह्यले डाक्टराले काढजो."

माझ्या कानशिलाला आग लागली. एवढी वर्षं मी अनवाणी चाललो, या बापलेकीसाठी शेटजींना नाही म्हणालो, त्यांचं औषध आधी स्वतः प्यायलो. "मी तुमची जागा मागेन, असं वाटतं तुम्हाला?"

"मले नाई वाटत," गिरजा म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र जराही हलला नाही. "म्हनूनच."

दुसऱ्या दिवशी मी सामान बैलगाडीत भरलं. फटफटी खळ्यावरून बाहेर काढली. सडकेवर बूट घालत होतो, तेव्हा मागे गिरजेने फाटक लोटलं, साखळी अडकवली आणि ती नीट बसली का, हे दोनदा ओढून पाहिलं. बाजारापर्यंत मी रागाने धुमसत होतो. दवाखान्याच्या दारात फटफटी थांबवली, तेव्हा ध्यानात आलं, की गिरजेचं पुढे कसं होईल ही काळजी मला आता वाटत नव्हती.